टोपीवरचा तुरा

पक्षी पाहायचे तर शहराबाहेर जावे, तळ्याकाठी किंवा रानात, असे आपण मुलांना सांगतो. १८८६ च्या फेब्रुवारीत फ्रँक चॅपमन नावाचा एकवीस वर्षांचा तरुण मात्र न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या रस्त्यांवर पक्षी मोजायला निघाला. तो बँकेत नोकरी करायचा आणि पक्ष्यांचा त्याला नाद होता. दोन दुपारी तो मॅनहॅटनमधल्या कापडचोपडाच्या दुकानांच्या भागात फिरला. त्याने मान वर केली नाही, झाडांकडे पाहिले नाही. तो पाहत होता समोरून येणाऱ्या स्त्रियांच्या टोप्या. एकूण ७०० टोप्या त्याने मोजल्या. त्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे, पंख किंवा चक्क पेंढा भरलेला अख्खा पक्षी होता! त्यात सुमारे चाळीस जातींचे पक्षी त्याला ओळखू आले. सुतार होते, समुद्रावरचे सुरय होते, एक घुबडही होते. यादी त्याने एका नियतकालिकाकडे पाठवून दिली. पुढे हाच चॅपमन अमेरिकेतला नामवंत पक्षितज्ज्ञ झाला.

पिसांची हौस काही युरोप-अमेरिकेचीच नव्हे. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या पगड्यांवर कलगी आणि तुरे डुलत, आणि शाहिरांच्या सवाल-जवाबांना ‘कलगी-तुरा’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. पण पगडीवरची कलगी मूठभर लोकांची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आगगाडी, आगबोट, छापील फॅशन-मासिके आणि मोठमोठी दुकाने यांनी तीच हौस लाखो मध्यमवर्गीय घरांत पोचवली. दागिना राजाचा राहिला नाही. तो कारकुनाच्या बायकोला परवडू लागला. पक्ष्यांच्या दृष्टीने खरे संकट इथे सुरू झाले.

सर्वांत जास्त मागणी होती ती बगळ्यांच्या पिसांना. ती का, हे समजण्यासाठी पीस नीट पाहायला हवे. कावळ्याचे एखादे पीस हातात घ्या. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू फुटलेले असतात आणि त्या तंतूंना आणखी बारीक उपतंतू. उपतंतूंवर सूक्ष्म आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात आणि पिसाचे सलग पाते तयार होते. पाते विस्कटले तर बोटांत धरून ओढल्यावर पुन्हा जुळते; वर्गात करून दाखवण्याजोगी ही गोष्ट आहे. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर जी लांब पिसे येतात, त्यांच्यात ही अडकण नसते. तंतू मोकळे राहतात, वाऱ्याच्या झुळकीने हलतात, धुक्यासारखे दिसतात. नर आणि मादी दोघांनाही ही पिसे येतात आणि जोडी जमवताना व घरट्यावर एकमेकांना सामोरे जाताना ती फुलवून दाखवली जातात. हंगाम सरला की ती झिजतात, गळतात. म्हणजे टोपीवाल्यांना हवे असलेले पीस उत्तम स्थितीत असते ते नेमके बगळा घरट्यावर असतानाच.

बगळे वसाहती करून राहतात. अशा वसाहतीला मराठीत ‘सारंगागार’ हा सुरेख शब्द आहे. एकाच झाडावर वीस-पंचवीस घरटी आपल्याकडच्या गावांतल्या चिंचांवर आणि वडांवरही दिसतात. एरवी बगळा माणसाला चटकन जवळ येऊ देत नाही, पण घरट्यात पिल्ले असली की बंदुकीचा आवाज होऊनही तो दूर जात नाही, घिरट्या घालून परत येतो. फ्लोरिडातल्या दलदलींत शिकारी याच सवयीचा फायदा घेत. एका दिवसात आख्खी वसाहत संपे. पाठीवरचे कातडे पिसांसकट सोलून घेत आणि बाकीचा पक्षी तिथेच टाकून देत. पिल्ले घरट्यात भुकेने मरत.

हिशेब करून पाहू. १९०२ साली लंडनच्या लिलावांत बगळ्यांच्या पिसांची १,६०८ पुडकी विकली गेली. एका पुडक्यात सरासरी ३० औंस पिसे, म्हणजे एकूण ४८,२४० औंस. एक औंस पिसे मिळवायला साधारण चार बगळे मारावे लागत. म्हणजे एका शहरात, एका वर्षाच्या विक्रीसाठी १,९२,९६० बगळे. मेलेली पिल्ले आणि उबवल्याविना राहिलेली अंडी या हिशेबात धरलेली नाहीत. १९०३ साली अमेरिकेत शिकाऱ्यांना एका औंसाला ३२ डॉलर मिळत. त्या वेळी एक औंस सोन्याची किंमत होती साधारण २१ डॉलर. पिसे सोन्याहून महाग होती.

हे थांबवायचे कोणी आणि कसे? पहिले उत्तर पिसे वापरणाऱ्यांच्याच घरातून आले. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी गावात एमिली विल्यमसन यांनी स्त्रियांची एक संस्था काढली. लंडनजवळच्या क्रॉयडन इथे एलायझा फिलिप्स यांच्या घरी असाच एक गट जमत होता. १८९१ मध्ये दोन्ही एकत्र आले. आज ब्रिटनमधली पक्षिसंरक्षणाची सर्वांत मोठी संस्था आहे ती हीच, रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स. सुरुवातीला तिच्याकडे ना पैसा होता, ना सत्ता. ब्रिटिश स्त्रियांना तेव्हा पार्लमेंटसाठी मतही देता येत नव्हते. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे काय विकत घ्यायचे आणि काय नाही. म्हणून सभासद होण्याची अटच तशी ठेवली : खाण्यासाठी मारलेल्या पक्ष्यांखेरीज इतर कोणत्याही पक्ष्याची पिसे सभासद स्त्रियांनी घालायची नाहीत. अपवाद फक्त शहामृगाचा. हा अपवाद लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

अमेरिकेत याहून थोडे आधी एक प्रयत्न झाला होता. जॉर्ज बर्ड ग्रिनेल या संपादकाने १८८६ मध्ये पक्ष्यांचे चित्रकार ऑडुबॉन यांच्या नावाने संस्था काढली. (ऑडुबॉन स्वतः चित्रे काढण्यासाठी पक्षी मारूनच आणत, पण तो काळ वेगळा होता.) प्रतिज्ञापत्रावर सही केली की सभासद. वर्ष-दोन वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास लोकांनी सह्या केल्या आणि एवढा पसारा सांभाळणे न झेपल्याने संस्था बंद पडली. सही सोपी असते. टोप्यांवरची पिसे तशीच राहिली.

दहा वर्षांनी, १८९६ मध्ये, बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवे यांनी वेगळी वाट धरली. बगळ्यांच्या कत्तलीचे वर्णन त्यांच्या वाचनात आले. त्या श्रीमंत घराण्यातल्या होत्या. आपली नातलग मिना हॉल हिला बरोबर घेऊन त्यांनी शहरातल्या प्रतिष्ठित कुटुंबांची छापील यादी समोर ठेवली आणि पिसे घालण्याची शक्यता कोणाची, अशा स्त्रियांच्या नावांवर खुणा करत गेल्या. मग एकेकीला चहाला बोलावणे. अशा नऊशेच्या आसपास स्त्रिया त्यांनी जोडल्या. पक्षितज्ज्ञ विल्यम ब्रूस्टर यांना अध्यक्ष केले. त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली आणि पाहता पाहता अनेक राज्यांत तशाच संस्था निघाल्या. त्यांनी पिसांविना सजवलेल्या टोप्या लोकांपुढे आणल्या, अशा टोप्या विकणाऱ्या दुकानांच्या याद्या छापल्या. या टोप्यांना ‘ऑडुबॉनेट’ असे गमतीदार नावही मिळाले. हेमेनवेंचे गणित सरळ होते. फॅशन वरून खाली झिरपते. मग तिचा नळ वरच बंद करावा.

कपड्याच्या मागे काय घडले याचा विचार गिऱ्हाइकाने करावा, ही कल्पना त्याआधीचीही आहे. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या अमेरिकन क्वेकर पंथीयांनी गुलामांच्या श्रमाचा कापूस वापरायचा नाही असे ठरवले होते. लेव्हाय कॉफिन यांनी १८४७ पासून सिनसिनाटी शहरात फक्त मुक्त मजुरांनी पिकवलेल्या मालाची घाऊक पेढी चालवली. ती दहाएक वर्षे तगली. माल पुरेसा मिळेना, भाव जास्त पडे आणि कापड जाडेभरडे असे. मुख्य म्हणजे कापूस एकदा पिंजून, कातून, विणून झाला की कोणता धागा कोणत्या शेतातला, हे कोणालाही सांगता येत नाही. शिवाय कापड ही गरज. ते घेणे टाळता येत नाही, दुसरे घ्यावे लागते. पिसांचे तसे नव्हते. पीस नाही लावले तर टोपी स्वस्तच पडे. आणि टोपीवर बगळा आहे की नाही, हे रस्त्यावरच्या कोणालाही दिसत होते. माझ्या मते पिसांविरुद्धची चळवळ जोर धरू शकली याचे निम्मे कारण हे दिसणेच आहे. ज्या वस्तूचा उगम अंगावर दिसतो, ती टाळणे सोपे.

व्यापाऱ्यांनाही हे कळले. त्यांनी उगम झाकायला सुरुवात केली. बाजारात बगळ्याच्या पिसाला ‘ऑस्प्रे’ म्हणत. ऑस्प्रे हा खरे तर मासे पकडणारा शिकारी पक्षी. त्याचा या पिसांशी काही संबंध नाही. नाव ऐकून बगळा डोळ्यांपुढे येत नाही एवढा त्याचा उपयोग. मग दुकानदार सांगू लागले, बाईसाहेब, ही पिसे नकली आहेत, कारखान्यात बनवलेली. ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागाचे संचालक सर विल्यम फ्लॉवर यांनी ‘नकली’ म्हणून विकले जाणारे तुरे आणून तपासले. सगळे खरे निघाले. सद्भावनेने नकली पीस घेणाऱ्या स्त्रियांच्या टोप्यांवर खराच बगळा होता. तंतू, उपतंतू आणि त्यांची ठेवण ओळखणारा शास्त्रज्ञ नसता तर हे उघड झाले नसते.

त्यानंतरचा दावा होता की पिसे गळलेली आहेत, दक्षिण अमेरिकेत बगळ्यांच्या वसाहतींखाली गोळा केलेली. यात सत्याचा अंश होता, कारण गळलेली पिसे काही प्रमाणात वेचली जात. पण ती झिजलेली, मळलेली असत आणि त्यांना भाव कमी मिळे. उंची दुकानांतला शुभ्र, अखंड तुरा जमिनीवरून उचललेला नव्हता.

इथे गिऱ्हाइकाच्या इच्छेची मर्यादा लागते. दुकानात उभ्या असलेल्या बाईला खोट्या लेबलाशी एकटीने लढता येत नाही. ऑडुबॉन संस्थांना हे लवकर उमगले आणि त्या कायद्याकडे वळल्या. १९०० साली अमेरिकेत लेसी कायदा झाला; एका राज्यात बेकायदा मारलेले पक्षी दुसऱ्या राज्यात नेणे गुन्हा ठरले. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी फ्लोरिडातले पेलिकन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले. पण कागदावरचा कायदा दलदलीत कोण पाळायला लावणार? ऑडुबॉन संस्थांनी स्वतःच्या वर्गणीतून रखवालदार नेमले. त्यांतला एक गाय ब्रॅडली. लहानपणी त्याने स्वतः पिसांसाठी पक्षी मारले होते, त्यामुळे त्याला सगळ्या वाटा ठाऊक होत्या. १९०५ च्या जुलैमध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, पक्षी मारणाऱ्यांना अडवायला तो होडीतून गेला आणि गोळी लागून मेला. ज्याने गोळी घातली त्याच्यावर खटलाही उभा राहिला नाही.

यानंतर चळवळीचा रोख बदलला. शिकारी थांबत नसेल तर बाजार थांबवायचा. १९१० मध्ये न्यूयॉर्क राज्याने, म्हणजे टोप्यांच्या धंद्याच्या केंद्रानेच, राज्यातल्या व त्यांच्या कुळांतल्या पक्ष्यांच्या पिसांच्या विक्रीवर बंदी घातली. १९१३ मध्ये अमेरिकेने रानपक्ष्यांच्या पिसांची आयात बंद केली. त्या वर्षी युरोपातून बोटीने परतणाऱ्या स्त्रियांच्या टोप्यांवरची पिसे बंदरावरच जकात अधिकारी काढून घेऊ लागले आणि वर्तमानपत्रांना चांगलेच खाद्य मिळाले.

हिंदुस्थान या व्यापारातला एक मोठा पुरवठादार होता. १९०२ मध्ये इथल्या सरकारने पक्ष्यांची कातडी आणि पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली. म्हणजे ब्रिटनच्या वसाहतीत निर्यात बंद आणि खुद्द ब्रिटनमध्ये आयात खुली! साहजिकच चोरटा व्यापार चालू राहिला. त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये तर तळ्यांकाठचे मच्छीमार बगळे पाळत. चटयांच्या कुडात पक्षी ठेवून त्यांना मासे खाऊ घालत आणि विणीची पिसे काढून घेत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१४ मध्ये या बगळेपालनाची माहिती छापून आली. लंडनचे व्यापारी तिचा दाखला देऊ लागले : पाहा, पक्षी न मारताही पिसे मिळतात. विरोधकांनी विचारले, जिवंत पक्ष्याची पिसे उपटणे हे कोणत्या अर्थाने निरुपद्रवी? आणि दुकानात आलेले पीस सिंधच्या पाळीव बगळ्याचे की व्हेनेझुएलात मारलेल्याचे, हे ओळखायचे कसे? पुन्हा तोच, पिंजलेल्या कापसाचा प्रश्न.

ब्रिटनमध्ये आयातबंदीचे विधेयक १९०८ मध्ये पहिल्यांदा आले, ते मंजूर व्हायला १९२१ साल उजाडले. मधल्या काळात वादाने एक वळण घेतले, ते मला महत्त्वाचे वाटते. एका पुरुष पत्रकाराने लिहिले की हा सगळा दोष स्त्रियांच्या नटण्याच्या हौसेचा. त्यावर १९२० मध्ये लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी एका स्त्रियांच्या साप्ताहिकात उत्तर दिले. पक्षी मारणारे पुरुष, पिसांवर नफा मिळवणारे पुरुष आणि विधेयकाच्या वेळी समितीच्या बैठकीला गैरहजर राहणारे खासदारही जवळजवळ सगळे पुरुषच, मग पाप एकट्या टोपीवालीच्या माथी का, असा त्यांचा सवाल होता. त्या पिसांच्या बाजूच्या नव्हत्या. लेखाचे मानधन त्यांनी पिसांविरुद्धच्या कामालाच द्यायचे ठरवले. पण शेवटच्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवले की मधली सगळी साखळी आपोआप निर्दोष ठरते, हे त्यांनी अचूक पकडले होते.

आता तो शहामृगाचा अपवाद. दक्षिण आफ्रिकेत औट्सहोर्न गावाभोवती शहामृग पाळले जात. पूर्ण वाढलेले पीस हे आपल्या नखासारखे निर्जीव असते. ते बुडाच्या वर कापले तर पक्ष्याला इजा होत नाही आणि काही महिन्यांत नवे येते. पक्षिप्रेमींना हे पीस निर्दोष वाटले. त्याची मागणी इतकी वाढली की १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या निर्यातीत सोने, हिरे आणि लोकर यांच्या पाठोपाठ शहामृगाच्या पिसांचा क्रमांक होता. औट्सहोर्नमध्ये मालकांनी महाल बांधले.

ही पिसे न्यूयॉर्कला पोचल्यावर काय होई? त्या काळी लांब, झुपकेदार पिसांची फॅशन होती. शहामृगाच्या पिसाचे तंतू तेवढे लांब नसत, म्हणून प्रत्येक तंतूच्या टोकाला दुसरा तंतू हाताने गाठ मारून जोडत. एका पिसात अशा शेकडो, हजारो गाठी. हे काम कारखान्यात नव्हे, तर गरीब स्थलांतरितांच्या कोंदट खोल्यांमध्ये चाले. लुईस हाइन या छायाचित्रकाराने १९११ च्या सुमारास अशा घरांची छायाचित्रे काढली. त्यांत आई आणि लहान मुले एका टेबलाभोवती बसून पिसांना गाठी मारताना दिसतात. मजुरी इंचावर मिळे. पक्ष्याला दुखले नव्हते हे खरे. पण प्रतिज्ञापत्रात पक्ष्याचाच विचार होता, गाठी मारणाऱ्या मुलीचा नव्हता.

त्या मुलीचा विचार करणारी चळवळही त्याच शहरात, त्याच वर्षांत होती. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कन्झ्युमर्स लीगने फ्लॉरेन्स केली यांच्या नेतृत्वाखाली एक पांढरे लेबल काढले. सोळा वर्षांखालील मुले कामावर नसावीत, काम घरोघर वाटू नये, जादा वेळ राबवू नये, कारखान्याचा कायदा पाळावा. तपासणीत हे पटले तरच लेबल. मात्र ते मिळे मुख्यतः स्त्रियांच्या पांढऱ्या सुती अंतर्वस्त्रांना, टोप्यांना नव्हे. १९१८ मध्ये ते बंद झाले. एका चळवळीला पक्षी दिसत होता, दुसरीला कामगार, आणि शहामृगाचे पीस दोघींच्या मधून निसटले.

पिसांची फॅशन अखेर का गेली, यावर इतिहासकारांत वाद आहे. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, मोटारगाड्या आल्या, त्यांत मोठ्या टोप्या घालून बसणे अवघड; शहामृगांचा बाजार त्याच वर्षी कोसळला. १९२० नंतर स्त्रियांनी केस कापले आणि कानापर्यंत घट्ट बसणाऱ्या लहान टोप्या आल्या. त्यांच्यावर तुरा शोभेना. सगळे श्रेय चळवळीला देणे बरोबर नाही. पण फॅशन पुन्हा येऊ शकते आणि कायदा असला की तिला परत यायला दार राहत नाही. फ्लोरिडातले बगळे पुन्हा वाढले, आणि झेपावणारा मोठा बगळा आज ऑडुबॉन संस्थेचे बोधचिन्ह आहे.

गेल्या काही वर्षांत ‘नैतिक फॅशन’ हा शब्द पुन्हा ऐकू येतो आहे. तरुण गिऱ्हाइके विचारतात, हा शर्ट कोणी शिवला, किती मजुरीवर, रंगाचे पाणी कोणत्या नदीत गेले. या प्रश्नांना धार आली ती २४ एप्रिल २०१३ नंतर. त्या दिवशी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. तिच्यात कपडे शिवण्याचे पाच कारखाने होते. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले गेले. १,१३४ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया. त्यानंतर काही आठवड्यांतच अनेक परदेशी कंपन्यांनी कामगार संघटनांशी इमारतींच्या सुरक्षेचा करार केला. तो ऐच्छिक प्रतिज्ञेसारखा नव्हता, कायद्याने बंधनकारक होता. त्याखाली सोळाशेच्या आसपास कारखाने तपासले गेले.

मात्र त्याआधी, ढिगारा उपसला जात असताना, कार्यकर्ते आणि पत्रकार त्यात आणखी एक गोष्ट शोधत होते. कोणाचे कपडे इथे शिवले जात, हे काही कंपन्या मान्य करायला तयार नव्हत्या. म्हणून विटांच्या चुऱ्यातून शर्टांच्या कॉलरवर लावायची लेबले एकेक करून वेचली गेली, त्यांची छायाचित्रे काढली गेली आणि ती पुरावा म्हणून पुढे ठेवली गेली.